तालमीतली मुलं, त्यांचं दिसणं आणि कॉस्मेटिक सर्जरी : नाशिकच्या पालकांचे, मुलांचे आणि दिग्दर्शकांचे नेहमीचे प्रश्न

हे कोण लिहितंय आणि कुणासाठी?

मी नाशिकमध्ये बालनाट्यांची आणि कॉलेजच्या एकांकिकांची रंगभूषा करते, सुट्टीत मुलांची नाट्यशिबिरं घेते. रंगभूषेच्या खुर्चीत बसलेलं मूल आरशात बघत जे बोलतं, ते पुष्कळदा घरी बोललेलं नसतं. "ताई, नाक जरा बारीक दिसेल असं करा ना," इथून सुरुवात होते. अलीकडे त्याच्या पाठोपाठ "हे कायमचं करून मिळतं ना?" असंही ऐकू येतं. पालक, मुलं आणि दिग्दर्शक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. यातली वैद्यकीय माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या मुलाबद्दलचा निर्णय डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटूनच घ्या.

नाटकाने आत्मविश्वास वाढतो म्हणतात. मग नाटकातल्या मुलांवरच दिसण्याचा ताण जास्त का?

आत्मविश्वास वाढतो, हे खरंच आहे. वर्गात तोंड न उघडणारी मुलं रंगमंचावर खणखणीत बोलताना मी पाहिली आहेत. पण त्याच तालमीत मुलाचं शरीर सतत सगळ्यांच्या नजरेसमोर असतं. भूमिका वाटताना उंची, रंग, अंगकाठी यावर मोठी माणसं मुलांदेखत बोलतात. कपड्यांची मापं घेतली जातात. प्रयोगाचे फोटो रात्रीच ग्रुपवर येतात आणि सकाळपर्यंत प्रत्येकाने स्वतःला झूम करून पाहिलेलं असतं.

आणि हे सगळं चालतं साधारण ११ ते १७ या वयात, शरीर रोज नवं होत असताना. मुलींच्या मांड्या, कंबर भरणं हे वयात येण्याचाच भाग आहे. मुलांचे हातपाय आधी लांब होतात, खांदे नंतर भरतात. नाक आणि जबडा याच वर्षांत वाढतात, त्यामुळे चेहरा काही काळ बेढब वाटू शकतो. अर्धवट घडलेल्या चेहऱ्याकडे बघून मूल ठरवतं की मी असाच राहणार, आणि एखादा मोठा माणूस सहज बोलून त्यावर शिक्का मारतो.

यात भर पडली ती रील्सची आणि मालिकांची. कॉलेज रोड, गंगापूर रोडला त्वचा आणि केसांच्या क्लिनिकच्या पाट्या मुलं शाळेच्या व्हॅनमधून रोज वाचतात. आमच्या पिढीला नाकाबद्दल खंत वाटली तरी पुढे करण्यासारखं काही माहीत नव्हतं. आजच्या मुलाला खंत वाटली की मिनिटाभरात हप्त्यांच्या सोयीसकट उपाय दिसतो.

माझी मुलगी सावळी आहे, अंगाने भरलेली आहे. तिला दर वर्षी शूर्पणखा, चेटकीण नाहीतर आजी. सरांशी बोलू का?

बोला. मात्र मुलीसमोर नको, आणि भांडायला गेल्यासारखंही नको.

पंचवटी आपल्या गावात, त्यामुळे वनवासाचे प्रवेश आपल्याकडच्या शाळांना फार जवळचे. गोरी, सडपातळ, लांब केसांची ती सीता, आणि दांडगी दिसणारी ती शूर्पणखा, हे वाटप बहुतेक वेळा संहिता वाचायच्या आधीच झालेलं असतं. शूर्पणखा ही वाईट भूमिका मुळीच नाही. रूप बदलून येणं, लाडीगोडी, अपमान, संताप, एवढं सगळं एका प्रवेशात करायला मिळतं. तीच मुलगी दर वर्षी तिथे उभी राहिली की मात्र तिला कळतं, की निवड अभिनयाची झालेली नाही. ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

सरांना इतकंच विचारा : "या वर्षी तिला वेगळ्या प्रकारच्या भूमिकेसाठी वाचायला मिळेल का?" वाचनाला सगळ्या मुलांनी सगळ्या भूमिका आळीपाळीने वाचल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. "प्रेक्षकांना पटणार नाही," असं उत्तर आलं तर त्यांना आठवण करून द्या, की पाचवीतल्या पोराला कापसाची दाढी लावली की हेच प्रेक्षक त्याला दशरथ मानतात. त्यांना सावळी सीता जड जाईल असं का धरून चालायचं? ज्या गावात काळारामापुढे आपण रोज हात जोडतो, त्या गावात देवपण गोऱ्या रंगातच दाखवायचं हे मला पटत नाही.

माझ्यापुरतं सांगते. राक्षस दाखवायला मी मुलांना काळा रंग फासत नाही. भुवयांची रेष, केसांची ठेवण, डोळ्यांखालची छाया आणि त्या मुलाची चाल एवढं पुरतं.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, हा त्रास नसतोच ना?

असतो, ते बोलत नाहीत. जाड मुलगा म्हणजे विनोदी नोकर किंवा खादाड मामा हे ठरलेलं. प्रेक्षक हसतात तेव्हा तोही हसतो, आणि विंगेत आल्यावर शर्ट पोटावरून ओढून घेतो. बारीक मुलाला "अरे, शिवाजीचा मावळा आहेस, काडी पैलवान नाहीस" हे भर तालमीत ऐकावं लागतं.

दोन गोष्टी पालकांना माहीत हव्यात. एक, वयात येताना बऱ्याच मुलांची छाती थोडी वाढते, कधी एकाच बाजूची. ते बहुतेकांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. याच काळात उघड्या अंगाची भूमिका दिली की मुलगा नाटक सोडतो आणि कारण अभ्यासाचं सांगतो. त्याला अंगरखा द्या, विषय संपला. गाठ दुखत असेल, खूप वाढत असेल किंवा दोन वर्षांनंतरही तशीच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट जिमची. सोळा-सतराव्या वर्षी "लवकर बॉडी" करून देणारं इंजेक्शन किंवा गोळी कुणी देऊ केली तर ती स्टेरॉइड असू शकते. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. वाढ अजून चालू असेल तर हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची खुंटू शकते.

मी दिग्दर्शक आहे. भूमिकेला शोभणारं दिसणं लागतंच. हे नाकारून कसं चालेल?

लागतं, आणि ते निर्माण करणं हे आपलं काम आहे. रंगभूषा, वेशभूषा, प्रकाश, चाल, आवाजाची फेक ही सगळी त्यासाठीच आहेत.

मराठी रंगभूमीचा इतिहास तुमच्यापेक्षा मी काय सांगणार? बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांनी साकारलेल्या नायिका बघून घरंदाज बायका साड्या आणि केशरचना बदलत होत्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी तारामती करायला स्त्री मिळाली नाही, तेव्हा अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. पुरुषाच्या देहातून राणी उभी राहिली आणि लोकांनी ती मानली. या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. रंगमंचावर जे सुंदर म्हणून दाखवलं जातं, ते बघणारे घरी घेऊन जातात. बालगंधर्वांच्या काळात ते साडीपुरतं होतं. आता मुलं नाक आणि जबड्याची रेष घरी घेऊन जातात.

कालिदास कलामंदिर किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात मधल्या रांगेत बसून बघा. मुलाच्या नाकाची रुंदी तिथून दिसत नाही. दिसतं ते डोकं कुठे वळलं, हात कुठे थबकला, पाय ठाम आहेत की नाहीत. ऐकू येतो तो आवाज. जे दिसत नाही त्यावर तालमीत बोलून आपण मूल कोमेजवून टाकतो, आणि मग तेच मूल शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही म्हणून पुन्हा रागावतो.

प्रत्यक्षात करण्यासारखं पुष्कळ आहे. शरीराबद्दलची सूचना कृतीबद्दल द्या. "पोट आत घे" ऐवजी "छातीतून श्वास घेऊ नकोस, खालून घे आणि ताठ उभी राहा" म्हटलं की आवाजही सुधारतो. "वजन कमी कर, उडी जमत नाही" म्हणण्यापेक्षा उडी बदला किंवा पायांचा व्यायाम द्या. नटाचं टोपणनाव त्याच्या शरीरावरून पडलं असेल तर ते तालमीत वापरायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि आधी स्वतः पाळा. तालमीत "ए ढब्बू" म्हणणारा सर मुलांचा कितीही लाडका असला तरी तो शब्द ती विसरत नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या नटनट्या आजही मला तो सांगतात.

आणि भाड्याचे कपडे! ड्रेसवाल्याकडून शिवलेली नऊवारी किंवा अंगरखा येतो तो ठरावीक मापाचा. हुक लागत नाही म्हणून प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांसमोर मुलगी रडते, आणि कुणीतरी म्हणतं, "तुला सांगितलं होतं ना खाणं कमी कर." कपडा लहान आहे, मूल मोठं नाही. मापं आठवडाभर आधी घ्या, एकेकाची बाजूला घेऊन घ्या, आकडा मोठ्याने उच्चारू नका. मुलींची मापं बाईनेच घ्यावीत. शिलाई उसवून पट्टी जोडता येईल असे कपडे मागवा.

स्पर्धेला महिना आहे. थोडं डाएट केलं तर काय बिघडतं?

वाढत्या वयातल्या मुलाचं बिघडतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या किंवा बालनाट्य स्पर्धेच्या दिवसांत तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. शाळा, क्लास, तालीम, आणि त्यात एका वेळचं जेवण बंद. दिव्यांच्या झोतात चक्कर येते, संवाद आठवत नाहीत, आवाज बसतो. पाणी कमी पिऊन "चेहरा उतरवण्याचा" प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. लघवीच्या गोळ्या त्याहून धोक्याच्या, कारण त्यांनी शरीरातले क्षार बिघडतात आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

पुढचं काही दिसलं तर स्पर्धा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा : लागोपाठ तीन महिने पाळी न येणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, सगळ्यांबरोबर वडापाव खायचं टाळून "घरून खाऊन आले" असं रोज सांगणं, उन्हाळ्यातही थंडी वाजणं, केस गळणं, वजनकाट्यावर दिवसातून अनेकदा उभं राहणं. जेवणाचे आजार फक्त बारीक दिसणाऱ्या मुलांना होतात असं नाही. जाड मुलीने झपाट्याने वजन घटवलं की सगळे तिचं कौतुक करतात, आणि आजार त्या कौतुकात लपून जातो.

तालमीच्या मधल्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र काहीतरी खायचं, ही पद्धत आम्ही शिबिरात ठेवली आहे. कोण किती खातं यावर कुणी बोलत नाही.

ऑडिशनआधी उजळ दिसण्यासाठी क्रीम किंवा इंजेक्शन घेतलं तर?

नको. यात मी मधला मार्ग सांगणार नाही.

बिननावाच्या किंवा पार्लरमध्ये डबीतून भरून मिळणाऱ्या "गोरं करणाऱ्या" क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या अशा रुग्णांवर तिथल्या डॉक्टरांनी शोधनिबंध लिहिला आहे, आणि आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या मायलेकींना अशाच क्रीमने मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं उघड झालं होतं.

दुसरा प्रकार स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा. ही मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी ती सर्रास मिळतात. पहिल्या पंधरवड्यात चेहरा तुकतुकीत दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल रेषा उठतात, पुळ्या येतात, लव वाढते, आणि मलम बंद केलं की चेहऱ्याची आग होते. अशा चेहऱ्यावर पॅनकेक, म्हणजे रंगभूषेचा जाड थर, लावताना मूल कळवळतं, तेव्हा मला विचारावंच लागत नाही काय लावलं होतं ते. ग्लुटाथिओनच्या सलाइनला गोरेपणासाठी आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता नाही. ते औषध यकृताच्या आजारांसाठी आहे.

(एका मुलीचा प्रश्न) मी १६ वर्षांची आहे. सेल्फीत माझं नाक खूप मोठं दिसतं. मैत्रीण म्हणाली बारावीच्या सुट्टीत ऑपरेशन करून टाक. करू का?

आधी सेल्फीबद्दल. फोन चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे जे भाग पुढे आहेत ते मोठे दिसतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे गणित मांडून दाखवलं : १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. मैत्रिणीला फोन दे, पाच-सहा पावलं मागे जायला सांग आणि थोडं झूम करून फोटो काढायला सांग. ते तुझं नाक आहे. लोक तुला त्याच अंतरावरून बघतात.

आता ऑपरेशनबद्दल. मुलींच्या चेहऱ्याची वाढ साधारण १५-१६ पर्यंत आणि मुलग्यांची त्यानंतरही चालते, म्हणून चांगला सर्जन त्याआधी दिसण्यासाठी नाकाला हात लावत नाही. वाढ पूर्ण झाली तरी मनाची तयारी हा वेगळा भाग आहे. ही पूर्ण भूल देऊन होणारी शस्त्रक्रिया आहे. त्यात हाड आणि कूर्चा कापतात, रचना बदलतात. सूज पूर्ण उतरून नाक खरं कसं झालं हे कळायला सुमारे वर्ष लागतं. काहींना श्वासाचा त्रास राहतो, काहींना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. "सुट्टीत करून टाक" असं ते नाही.

मला तुला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. नाकाबद्दल वाईट वाटायला नेमकं कधी लागलं, आणि त्या सुमारास कुणी काही बोललं होतं का? नाक बदललं तर आयुष्यात दुसरं काय बदलेल असं तुला वाटतं? ती भूमिका, तो मुलगा, त्या मैत्रिणी यांपैकी काही मनात असेल तर ते ऑपरेशनने मिळणार नाही. आणि हे तू घरात कुणाला सांगितलं आहेस का? १८ पूर्ण होईपर्यंत कायद्याने तुझ्या सहीवर ऑपरेशन होत नाही, आईबाबांची संमती लागते. तुझ्या एकटीच्या पैशांवर आणि शब्दावर तयार होणारं क्लिनिक दिसलं तर तिथून बाहेर ये.

हे सगळं वाचूनही एकविसाव्या वर्षी तुला तेच वाटत असेल, तर तेव्हा तू डॉक्टरांशी मोठ्या माणसासारखी बोलशील. ते मी चूक म्हणणार नाही. तोपर्यंत रंगभूषेला माझ्याकडे आलीस तर नाकाच्या दोन्ही बाजूंना छाया आणि मधे उजळ रेष कशी घ्यायची ते शिकवीन, आणि जाड नाकाची म्हातारी करायची तर मेणाने नाक कसं वाढवायचं तेही.

बोटॉक्स, फिलर ही तर इंजेक्शनं आहेत. त्यात काय एवढं?

बोटॉक्सने स्नायू तात्पुरता ढिला पडतो आणि तीन-चार महिन्यांनी परिणाम ओसरतो. विशीच्या आतल्या नटाने कपाळाचे स्नायू बंद करून घेणं म्हणजे आश्चर्य, राग, चिंता दाखवायची साधनंच बाजूला ठेवणं. फिलर म्हणजे जेलसारखं द्रव्य, ते ओठांत, गालांत, नाकाच्या दांड्यावर भरतात. क्वचित ते रक्तवाहिनीत जातं. मग त्या जागची त्वचा मरू शकते, डोळ्याची वाहिनी बंद झाली तर दृष्टी जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने फिलरना मान्यता दिली आहे ती २१ वर्षांवरच्या लोकांसाठीच. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी जमून हे टोचून घ्यायचं नाही.

गालातली चरबी काढण्याची टूमही आली आहे. वय वाढेल तसा चेहरा आपोआप ओढला जातो. अठराव्या वर्षी काढलेली चरबी पस्तिशीत परत आणता येत नाही.

मालिका-चित्रपटांत काम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या को-ऑर्डिनेटरने सांगितलं, "टॅलंट आहे, पण दात आणि जबड्याचं काम करून घ्या, मग बघू." काय करावं?

"मग बघू" यात काम देण्याचं वचन नाही, हे आधी ओळखा. लेखी करार नसताना दिलेला असा सल्ला ऐकून पंचवटी एक्स्प्रेसने फेऱ्या मारणारी आणि कर्ज काढणारी कुटुंबं असतात. ज्या क्लिनिकचं नाव त्याच दमात सांगितलं जातं, तिथे कमिशनचा संशय घ्या. अल्पवयीन मुलाचे तोकड्या कपड्यांतले फोटो किंवा छाती-कंबरेची मापं कुणालाही पाठवू नका.

नियमही माहीत असू द्या. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. जो माणूस या नियमांवर बोलायला तयार नाही आणि जबड्यावर बोलतो, त्याच्याकडे मूल सोपवू नये.

वेडेवाकडे दात चावण्याच्या किंवा स्वच्छतेच्या दृष्टीने सरळ करायचे असतील तर तो वेगळा विषय. तो दंतवैद्याशी बोलून ठरवा.

हे वयाचं खूळ आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

आरशात बघणं, केस पुन्हा पुन्हा विंचरणं हे वयाचंच. पण दिवसातला तास-दीड तास एकाच अवयवाच्या विचारात जात असेल, मूल सारखं "माझं नाक वाकडं आहे ना?" विचारत असेल आणि "नाही" म्हटल्यावरही त्याला पटत नसेल, आरशाला चिकटून राहत असेल किंवा उलट सगळे आरसे टाळत असेल, मास्क, केस, ओढणी यांनी चेहरा झाकत असेल, तालमी, वाढदिवस, शाळा बुडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा हा आजार आहे. तो बहुतेकदा १२-१३ व्या वर्षाच्या आसपास सुरू होतो आणि साधारण शंभरातल्या दोघांना असतो. इतरांना जो दोष दिसतच नाही किंवा अगदी किरकोळ वाटतो, तो या मुलांना रात्रंदिवस दिसतो.

या आजारात कॉस्मेटिक सर्जरीने सहसा समाधान होत नाही. अस्वस्थता तशीच राहते किंवा दुसऱ्या अवयवाकडे वळते. उपयोग होतो तो सीबीटी नावाच्या बोलण्याच्या उपचारांचा आणि गरज असेल तर औषधांचा. या मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून "नाटकं करू नकोस" म्हणून ते उडवून लावू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, मूल स्वतःही फोन करू शकतं. कुणी छळत असेल तर मुलांसाठी १०९८.

घरी आम्ही काय बोलावं?

स्वतःच्या पोटावर, मैत्रिणीच्या रंगावर, नवऱ्याच्या टकलावर मुलांदेखत बोलणं आधी थांबवा. प्रयोग बघून आल्यावर "किती गोड दिसत होतीस" हे पहिलं वाक्य नसू दे. "तू थांबलीस ना तिथे, त्या शांततेत मला भीती वाटली" असं काहीतरी नेमकं सांगा. लग्नात आत्या-मावशीने "काय गं, सुटलीस" म्हटलं तर मुलीच्या वतीने तिथल्या तिथे, हसून पण स्पष्ट उत्तर द्या. तुम्ही गप्प बसलात तर मुलीला वाटतं, आईलाही हेच वाटतंय.

मूल सर्जरीचा विषय काढेल तेव्हा "वेडी आहेस का?" म्हणू नका. तेवढ्याने ती गप्प होते आणि पुढचं सगळं फोनवर शोधते. पूर्ण ऐका. लागलीच हो म्हणू नका, कायमचं नाहीही म्हणू नका.

मुलगा २२ वर्षांचा, कमावता आहे. केसांचं किंवा चेहऱ्याचं काही करायचं ठरवलंच आहे. निदान काय तपासावं?

डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी. प्लास्टिक सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी असते, त्वचारोगतज्ज्ञाकडे एमडी, डीव्हीडी किंवा डीएनबी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी ऑनलाइन बघता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की केसांचं रोपण प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायचं, कार्यशाळेला बसलेल्या किंवा व्हिडिओ पाहून शिकलेल्या माणसाने नाही. भूलतज्ज्ञ कोण, आणि गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभाग कुठला, हे विचारा. विशीच्या सुरुवातीला केस गळणं कुठवर जाईल ते ठरलेलं नसतं. पुढचे लावून घेतले आणि मागचे गेले तर मधे पट्टा उरतो, म्हणून बरेच डॉक्टर थांबायला सांगतात.

पैशांचंही बघा. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. "आजच बुक केलं तर सूट" म्हणणाऱ्या क्लिनिकमध्ये पुन्हा जाऊ नका.

म्हणजे तुमचा सगळ्याच प्लास्टिक सर्जरीला विरोध आहे?

अजिबात नाही. फाटलेला ओठ, भाजल्यावर आखडलेली मान, अपघातात मोडलेला जबडा यांवरची शस्त्रक्रिया मुलाला बोलणं, खाणं, हसणं परत देते. फाटलेल्या ओठ-टाळूचे उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत होतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. या विद्येत आपल्या मातीतल्या माणसांचाही हात आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून उभं केलं. त्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले डॉक्टर ती पद्धत शिकले. त्या माणसाला लोकांत परत वावरता यावं म्हणून ते केलं होतं. निरोगी, वाढत्या वयाच्या मुलाला एका भूमिकेसाठी टेबलावर झोपवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझा विरोध त्याला आहे.

आमच्या गटातल्या एका मुलीची नाकाची सर्जरी झाली आहे. तिला तालमीत परत घेताना काय काळजी घ्यावी?

सर्वांत आधी, त्यावर चर्चा नको. "छान झालं हो" हेही नको, आणि पाठीमागे कुजबुज तर नकोच. तिने आपणहून सांगितलं तर ऐका.

मग कामाचं. तिच्या सर्जनकडून परवानगीची तारीख लेखी घ्या. साधारण पहिले तीन-चार आठवडे उड्या, पळापळ, खाली डोकं करून करायचे व्यायाम टाळतात. धक्काबुक्कीचे, मारामारीचे प्रवेश त्याहून उशिरा, बहुधा सहा आठवड्यांनंतर. या काळात नाकावर चष्म्याचा भार, जड मुखवटा, घट्ट मुकुटाची दोरी नको. मेणाचं नाक, दाढी-मिशीचा डिंक आणि तो काढायचं स्पिरिट डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत वापरू नये. रंग उतरवताना चोळायचं नाही, तेलात भिजवलेल्या कापसाने टिपून घ्यायचं. नाकाचा शेंडा कित्येक महिने बधिर असू शकतो, त्यामुळे गरम दिव्याजवळ उभं करताना तिला चटका जाणवेल असं गृहीत धरू नका. आवाजाचा पोत थोडा बदललेला वाटू शकतो. पहिल्या काही तालमी बसून वाचनाच्या ठेवा आणि तिला स्वतःचा आवाज पुन्हा ऐकू द्या. भूमिका तिची आधीचीच ठेवा.